लिनक्सचें अक्षररूप व चित्ररूप

संगणक सुरू केला कीं पडद्यावर रंगीत चित्रें व खिडक्या उमटावयाच्याच, अशी आपली समजूत झालेली असते. परंतु लिनक्स या कार्यप्रणालीचें कार्य चित्रांवांचून अडत नाहीं. तिचा गाभा हेलसिंकी विद्यापीठांतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें १९९१ सालीं प्रसिद्ध केला. चित्रमय पडदा हा त्या गाभ्याच्या आश्रयानें चालणारा निराळा कार्यक्रम होय. तो नसतांहि आपण आज्ञा लिहावी व यंत्रानें अक्षरांनीं उत्तर द्यावें, असा व्यवहार चालतो. यास आपण अक्षररूप म्हणूं.

आतां दोहोंपैकीं कोणतें निवडावें? प्रथम मेमरीचा हिशेब पाहूं. डेबियन या लिनक्सची १२ वी आवृत्ति २०२३ सालीं निघाली. तिच्या मार्गदर्शिकेंत चित्ररूपावांचून ५१२ मेगाबाइट, तर चित्ररूपासह २ गिगाबाइट मेमरी असावी, अशी शिफारस आहे, म्हणजे चौपट. सबब जो जुना संगणक चित्रांच्या ओझ्यानें थकतो व अडगळींत टाकला जातो, तोच अक्षररूपांत हिशेब ठेवणें, कार्यक्रम लिहिणें, इतर संगणकांस फाइली पुरविणें, हीं कामें करूं शकतो. दूरस्थ सर्व्हरलाहि हेंच रूप सोयीचें. कारण अक्षरें थोडीं असल्यानें मंद जोडणीवरूनहि आज्ञा पोंचतात.

दुसरा लाभ संकटसमयींचा. चित्रमय पडदा गोठला, तरी आंतील यंत्रणा पुष्कळदां जागीच असते. अशा वेळीं कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ या कळा एकदम दाबल्यास बहुधा अक्षरांचा पडदा उघडतो. तेथें नांव व सांकेतिक शब्द द्यावा. सांकेतिक शब्द लिहितांना कांहींच उमटत नाहीं, म्हणून गोंधळूं नये. मग आपल्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर करून घ्यावी. ज्यास ही वाट ठाऊक नाहीं, तो वीज तोडतो आणि न सांठविलेलें काम गमावतो.

संगणक नेहमींच अक्षररूपांत सुरू व्हावा असें वाटल्यास, सिस्टमडी असलेल्या लिनक्सवर प्रशासकाच्या अधिकारानें ‘सिस्टमसीटीएल सेट-डीफॉल्ट मल्टी-यूझर.टार्गेट’ ही आज्ञा रोमन लिपींत द्यावी. शेवटच्या शब्दाऐवजीं ‘ग्राफिकल.टार्गेट’ लिहिलें असतां पुढील वेळीं चित्ररूप परत येतें.

मात्र एक उणीव आपणां मराठी भाषकांस विशेष जाणवेल. या मूळ पडद्यास फार तर ५१२ अक्षराकृति ठाऊक असतात, व जोडाक्षरें जुळविण्याची कला त्यास अवगत नाहीं. त्यामुळें मराठी मजकूर फाइलींत सुरक्षित असूनहि तेथें वाचतां येत नाहीं. मराठी लेखन व चित्रकाम यांसाठीं चित्ररूपच घ्यावें.

तात्पर्य, कामाचें स्वरूप व यंत्राची शक्ति पाहून रूप निवडावें. चित्ररूपांत टर्मिनलची खिडकी उघडून रोज चार आज्ञांचा सराव केला, तर प्रसंग येईल तेव्हां काळा पडदा परका वाटणार नाहीं.