उन्हाचे मलम

शेतात राबणाऱ्याला ऊन चुकत नाही. उन्हात डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. त्यांनी कातडी भाजते, सुरकुतते, गालांवरचे वांग वाढतात. सावळ्या माणसाला ऊन बाधत नाही, असे पुष्कळ जण म्हणतात. ते खरे नाही. कमी बाधते, इतकेच.

आम्ही म्हणतो, पहिला उपाय घरचाच. डोक्याला पटका किंवा पदर, अंगात लांब बाह्या. उघड्या राहिलेल्या तोंडाला, मानेला सनस्क्रीन.

ते घेताना नळी हातात घ्या अन् वाचा. एस.पी.एफ. या अक्षरांपुढचा आकडा ३० किंवा जास्त हवा. पी.ए. पुढे अधिकची चिन्हे असतात, ती तीन तरी हवीत. अक्षरे इंग्रजी असतात, ती मुलांना विचारा. पण आकडा आपणच वाचायचा बरं का! मुदत संपलेली नळी परत करावी.

गोरे करण्याचे मलम निराळे. करणाऱ्याचे नाव-गाव नसलेली डबी फुकट मिळाली तरी नको. अशा काही मलमांत पारा असतो. २०२३ साली केरळात, मलप्पुरम जिल्ह्यात, अशी मलमे लावणाऱ्या काही जणांची मूत्रपिंडे बिघडली.

सनस्क्रीन उन्हात जाण्याआधी १५ मिनिटे लावावे. दोन बोटांवर लांब ओढ काढावी, तेवढे तोंडाला आणि मानेला लागते. घामाने ते जाते. म्हणून दोन तासांनी, न्याहारीला बसाल तेव्हा, तोंड पुसून पुन्हा लावा.