गाडी लागते, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा

आर्णीहून यवतमाळला जाणाऱ्या एसटीत खिडकीचीच जागा मागणारी, रुमालात लिंबू बांधून घेतलेली बाई आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. तिला गाडी लागते, हे तिच्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. पण तीच बाई पित्ताच्या खड्यांच्या किंवा गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात भरती होते, तेव्हा रक्तगट, शुगर, बीपी, जुने रिपोर्ट सगळं सांगितलं जातं आणि नेमकं हेच राहून जातं. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं कुणाला वाटतच नाही. ‘भूल उतरली की उलट्या व्हायच्याच’ ही समजूत इथरने भूल देण्याच्या काळातली आहे. तेव्हा ती खरीही होती. आज तिला धरून बसणं म्हणजे टाळता येणारा त्रास मुकाट्याने सोसणं आहे. ऑपरेशननंतरची मळमळ कुणाला होणार, याचा अंदाज आधी बांधता येतो, आणि अंदाज आला तर ती बऱ्याच अंशी रोखता येते. माझा सगळा आग्रह या ‘आधी’वर आहे.

अंदाज कसा बांधायचा, हे भूलतज्ज्ञ ॲपफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली फिनलंड आणि जर्मनीतल्या रुग्णांच्या नोंदींवरून दाखवलं. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णांत चारच गोष्टी पाहायच्या: रुग्ण स्त्री आहे का, ती धूम्रपान न करणारी आहे का, तिला गाडी लागते किंवा आधीच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या का, आणि ऑपरेशननंतर दुखण्यासाठी अफूवर्गातली औषधं लागणार आहेत का. यातलं एकही नसेल तर त्रासाची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास असते. दोन असतील तर चाळीस, चारही असतील तर ऐंशीच्या जवळ. आता आपल्याकडची बाई डोळ्यांसमोर आणा. ती स्त्री आहे आणि विडी-सिगारेट ओढत नाही, म्हणजे दोन गुण भरती होण्याआधीच जमा झाले. गाडी लागत असेल तर तिसरा, आणि मोठ्या ऑपरेशननंतर चौथाही बहुधा येतोच. परदेशातले आकडे आपल्याला कसे लागू पडतील, अशी शंका रास्त आहे. आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण धोका कुणाला कमी आणि कुणाला जास्त, हा क्रम त्यातून कळतो, आणि आपल्याला तोच हवा आहे. जाता जाता एक सांगतो: धूम्रपान करणाऱ्यांना ही मळमळ कमी होते, म्हणून ऑपरेशनआधी विडी ओढणं किंवा खर्रा तोंडात धरणं हा उपाय नव्हे. धुरामुळे फुप्फुसांना आणि जखम भरून येण्याला होणारं नुकसान कितीतरी मोठं असतं.

दुसरी हरकत डॉक्टरांकडूनही येते: उलटी झाली तर इंजेक्शन देऊच, आधी कशाला? याचं उत्तर 2004 साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांवर रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत आहे. ऑन्डॅनसेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल या तिन्ही औषधांनी प्रत्येकी साधारण एक चतुर्थांश धोका कमी केला, आणि एकाचा फायदा दुसऱ्यावर अवलंबून नव्हता. हिशेब करून पाहा. शंभरातल्या ऐंशी जणींना त्रास होणार असेल, तर एका औषधाने त्या साठावर येतात, दुसऱ्याने पंचेचाळिसावर, तिसऱ्याने तेहतिसाच्या आसपास. ज्याचा धोका मुळात दहा टक्के आहे, त्याला मात्र एका औषधाने शंभरात दोन-तीन जणांपुरताच फायदा होतो. म्हणून सरसकट सगळ्यांना सगळं देण्यापेक्षा धोका पाहून औषधं वाढवावीत. त्यासाठीच तर माहिती आधी हवी. वेळही महत्त्वाची आहे. डेक्सामेथासोन भूल सुरू होताना आणि ऑन्डॅनसेट्रॉन ऑपरेशन संपत आल्यावर दिलेलं जास्त उपयोगी पडतं. ही दोन्ही औषधं स्वस्त आहेत, आवश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यामुळे गरिबाला परवडणार नाही हा मुद्दा इथे टिकत नाही. मधुमेह असेल तर डेक्सामेथासोनने साखर काही काळ वाढू शकते आणि हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर ऑन्डॅनसेट्रॉन जपून द्यावं लागतं, म्हणून ही दुखणी लपवू नका.

घरच्यांच्या हातातही बरंच असतं. उपाशी राहायला सांगितलं की आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही न घेणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. हलकं जेवण सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, असा आजचा सर्वसाधारण नियम आहे. पोट सुकवल्याने मळमळ कमी होत नाही, उलट वाढते. तुमच्यासाठी नेमकी वेळ डॉक्टरांकडून विचारून घ्या आणि तीच पाळा. सिझेरियनला पाठीत भूल दिल्यावर टेबलावरच जीव कासावीस झाला, तर बऱ्याचदा बीपी उतरलेलं असतं. दात दाबून पडून राहू नका, लगेच बोला. शुद्धीवर येताच चहा-बिस्किटाचा आग्रह धरू नये. रुग्णाने मागितलं तर घोट घोट पाणी. उलटीच्या भीतीने दुखण्याचं औषध नाकारू नये. पॅरासिटामॉल आणि जखमेजवळ दिलेलं बधिरतेचं इंजेक्शन यांनी अफूवर्गातली औषधं कमी लागतात, हे विचारता येतं. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, आतल्या बाजूला, दोन शिरांच्या मधल्या जागी दाब देण्याचाही थोडा उपयोग चाचण्यांत दिसला आहे. त्याला खर्च नाही, पण औषधाऐवजी त्यावर विसंबू नका.

इतकं करूनही उलटी झाली, तर रुग्णाला कुशीवर वळवा आणि सिस्टरना सांगा. सहा तासांच्या आत तेच औषध पुन्हा देण्यापेक्षा वेगळ्या वर्गातलं औषध दिलेलं बरं. सुट्टी झाल्यावर मोटरसायकलच्या धक्क्यांनी मळमळ परत उचल खाते, म्हणून घरी नेताना बसवून, सावकाश न्या आणि गोळ्या आधीच लिहून घ्या. मात्र पोट फुगलं, वारा सरेना, उलटी हिरवी किंवा रक्ताची झाली, लघवी थांबली किंवा पाणीही पोटात टिकेना, तर ती साधी मळमळ नव्हे. अशा वेळी लिंबू-आल्यात वेळ घालवू नका, रात्र असली तरी 108 ला फोन करा.