जुन्या कारखान्यांतील चित्रशाळा

विद्यार्थिमित्रांनो, पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील रंगाई-छपाईचे कारखाने आपल्या परिचयाचे आहेत. तुमच्यापैकी अनेकांचे वडील, काका किंवा थोरले बंधू तेथे पाळीवर जातात. कोऱ्या कापडावर उमटणारी फुले, वेली आणि बुट्टे तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. परंतु चित्रकलेत ज्याचा हात उत्तम चालतो, अशा विद्यार्थ्याला आम्ही "घरी सराव करीत जा" असे सांगितले, की तो मुकाट्याने मान खाली घालतो. एका खोलीत पाच-सहा माणसे राहत असता मोठा कागद पसरावा कोठे आणि ओले चित्र वाळत ठेवावे कोठे? कलेला प्रतिभा लागते हे खरे. पण तिला जागाही लागते. ती अल्प भाड्यात कशी मिळावी, या प्रश्नाचे उत्तर काही शहरांनी वापरातून गेलेल्या कारखान्यांत शोधले. त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

कारखान्याची इमारत चित्रकाराच्या उपयोगी का पडावी? जुन्या काळच्या अनेक कापडगिरण्यांचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे. दात्याची एक बाजू काचेची असून तिचे तोंड उत्तरेकडे असे. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने या काचांतून कडक ऊन आत येत नाही. येतो तो शांत, एकसारखा उजेड. कामगाराला तुटलेला धागा चटकन दिसावा म्हणून ही योजना होती. चित्रकारालाही नेमका हाच उजेड हवा असतो. कारण ऊन सरकले की सावल्या हलतात आणि रंगही निराळे भासू लागतात. शिवाय उंच छत, खांबांमधील ऐसपैस अंतर, यंत्रांचा भार पेलणारी जमीन आणि रुंद दरवाजे यांमुळे शिल्पकारालाही तेथे मोठा दगड आणून काम करता येते.

याचे एक उदाहरण आपल्या राज्यातच, वडोदऱ्यास आहे. आणि त्याचा धागा सुरतेशी जुळलेला आहे. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म १८६३ साली सुरतेत झाला. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० साली वडोदऱ्यात कलाभवन स्थापन झाले, त्यामागे गज्जर यांचीच दृष्टी होती. रंगाईचे शास्त्र आणि चित्रकला या दोहोंना त्या संस्थेत स्थान होते. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनीही तेथे शिक्षण घेतले. पुढे १९०७ साली गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या प्रयत्नांतून अलेंबिक हा रसायने व औषधे बनविणारा कारखाना उभा राहिला. १९५० साली त्याच शहरातील महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा सुरू झाली. नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारख्या थोर चित्रकाराने तेथे पिढी घडविली. मात्र पदवी हाती पडली, की विद्यापीठातील प्रशस्त वर्ग सुटतो आणि तरुण कलावंत भाड्याच्या खोलीत येऊन पडतो. अलीकडच्या वर्षांत अलेंबिकच्या आवारातील काही जुन्या इमारती दुरुस्त करून तेथे कलावंतांसाठी स्टुडिओ आणि प्रदर्शनाची दालने करण्यात आली आहेत. कारखाना आणि कला यांची गज्जरांनी घातलेली गाठ अशा रीतीने पुन्हा बांधली गेली.

तथापि जुने छप्पर मिळाले म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. न्यूयॉर्कमधील सोहो या भागातून कारखाने निघून गेल्यावर, विसाव्या शतकाच्या मध्यास, गरीब कलावंतांनी त्या ओस इमारतींत बिऱ्हाडे थाटली. १९७१ साली नगराच्या नियमांनी त्यास मान्यता दिली. परंतु कलावंतांमुळे वस्तीला नाव आले, नावामुळे धनिक आले आणि भाडी इतकी चढली, की बहुतेक नव्या कलावंतांना तेथे पाऊल ठेवणे अशक्य झाले. मुंबईचा धडा याहून कठोर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले; त्यांपैकी असंख्यांना पुन्हा काम मिळाले नाही. १९९१ च्या नियमांत गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी देण्याची तरतूद होती. २००१ च्या दुरुस्तीने ती केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज भव्य बाजारपेठ आहे. सारांश, भाड्याची मर्यादा आरंभीच लेखी करारात बांधून घेतली नाही, तर कलावंत हा केवळ जमिनीचा भाव वाढविणारा पाहुणा ठरतो.

दुसरी दक्षता जिवाची. रंगाईच्या जुन्या इमारतीच्या जमिनीत रसायने मुरलेली असू शकतात. छपराचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. आपल्याच सुरतेत २४ मे २०१९ रोजी तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली आणि वरच्या मजल्यावरील वर्गांत शिकणाऱ्या बावीस जणांचा अंत झाला. उत्तरेच्या उजेडाची चौकशी करण्याआधी बाहेर पडण्याच्या दुसऱ्या जिन्याची चौकशी करावी, हे आपण कधीही विसरता कामा नये.

पांडेसऱ्यातील कारखाने बंद पडावेत आणि तेथे चित्रशाळा निघाव्यात, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बंद कारखाना म्हणजे कुणाच्या तरी घरची विझलेली चूल. परंतु यंत्रे बदलतात, छपाईच्या रीती बदलतात आणि एखादी सुस्थितीतील वखार रिकामी राहते. अशी एखादी जागा तपासून, सुरक्षित करून, अल्प आणि ठरीव भाड्याने चित्रे काढणाऱ्या मुलामुलींना द्यावी. इतकीच आमची मागणी. ज्यांनी तेथे घाम गाळला त्यांची नावे दारावर लिहावीत आणि त्यांच्या मुलांना तेथे पहिला प्रवेश असावा. बापाने ज्या छपराखाली दुसऱ्याने काढलेला बुट्टा कापडावर छापला, त्याच छपराखाली लेकाने किंवा लेकीने आपल्या मनातील बुट्टा कागदावर काढावा, याहून जुन्या इमारतीचा अधिक चांगला उपयोग आम्हांस तरी सुचत नाही.