सोडियम उतरलं आणि आई असंबद्ध बोलू लागली

प्रश्न : आई 76 वर्षांची. परवा भलतंच काही बोलू लागली. रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, सोडियम 118 आहे. मिठाचा आणि डोक्याचा काय संबंध?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : फार जवळचा. चेतापेशीबाहेर सोडियमचे आयन जास्त, आत पोटॅशियमचे. पेशी निवांत असताना आतली बाजू सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. संदेश आला की आवरणातली सोडियमची दारं जेमतेम मिलिसेकंदभर उघडतात आणि घाटकोपरला लोकलमध्ये गर्दी घुसावी तसा सोडियम आत शिरतो. मागोमाग पोटॅशियम बाहेर पडतो. ही लाट पुढे सरकत जाते, तोच संदेश. दात काढताना दिलेलं भुलीचं इंजेक्शन नेमकी हीच सोडियमची दारं अडवतं, म्हणून ओठ बधिर होतो.

आईंचं मात्र थोडं वेगळं. रक्तात सोडियम 135 ते 145 हवं. ते उतरलं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं, त्या सुजतात. बरळणं मुख्यतः त्यामुळे. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी हे उतारवयातलं नेहमीचं कारण.

घरी मीठ-पाणी पाजू नका. सोडियम घाईने वाढवलं तरी मेंदूला इजा होते. आईंच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं मात्र डॉक्टरांना जरूर दाखवा.