फुलपाखरू शोधायचं तर पानं बघा

प्रश्न : सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन मी पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये जातो आणि फुलांच्या ताटव्यापाशी बराच वेळ उभा राहतो. फुलपाखरं येतात, क्षणभर टेकतात आणि मी कॅमेरा उचलेपर्यंत निघून जातात. ती नेमकी कुठे, कधी शोधावीत? त्यांच्या जवळ कसं जावं?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : फुलावर फुलपाखरू येतं ते फक्त मकरंद प्यायला. पोट भरलं की त्याचं तिथलं काम संपतं. त्याचा जन्म, अळीपणाची सगळी खादाडी आणि पुढच्या पिढीची सोय हे सारं घडतं पानांवर, आणि तेही कुठल्याही पानांवर नाही. बहुतेक जातींच्या अळ्या ठरावीक झाडांचीच पानं खातात. ती झाडं ओळखता आली की फुलपाखरांमागे धावण्याची गरज उरत नाही.

वनस्पती उद्यानाचा खरा फायदा इथेच होतो. एम्प्रेस गार्डन सांभाळणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया १८३० सालची, त्यामुळे झाडांची विविधता आणि वय दोन्ही या बागेत आहे. अशा बागेत झाडांवरच्या नावाच्या पाट्या वाचत हिंडा. लिंबू, कढीपत्ता, बेल दिसला की थांबा : इथे कॉमन मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय येणार. लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर ब्लू मॉर्मनही अंडी घालतं. हे काळंनिळं मोठं फुलपाखरू २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. रस्त्याकडेला लावतात त्या उंच, सरळ खोट्या अशोकावर आणि सीताफळावर टेल्ड जे, बहावा आणि टाकळ्यावर एमिग्रंट, वडा-उंबरांवर आणि कण्हेरीवर कॉमन क्रो. कण्हेरीच्या पानांखाली अवश्य वाकून बघा, कॉमन क्रोचा कोश आरशासारखा चकाकतो आणि त्याचा फोटो काढायला कितीही वेळ मिळतो.

जुन्या झाडांवर बांडगूळ असेल तर मान वर करा. आपण ज्याला हळदीकुंकू म्हणतो ते कॉमन जेझबेल त्यावर पुंजक्याने अंडी घालतं. त्याची हळद आणि कुंकू पंखांच्या खालच्या बाजूला असतं, वरची बाजू पांढरी आणि काळ्या शिरांची. म्हणजे पंख मिटून बसलं तरच तुम्हाला हवा तो फोटो मिळेल.

अंडी घालायला आलेली मादी ओळखणं सोपं आहे. ती फुलांकडे न वळता पानापानावर घुटमळते, पायांनी पान चाचपते आणि मगच पुढे सरकते. फुलपाखरांना पायांनी चव कळते, आणि पान आपल्या अळ्यांच्या उपयोगाचं आहे की नाही हे ती असं तपासते. त्या वेळी तिचं लक्ष पानात असतं. थोडं अंतर राखून उभे राहिलात तर ती पुन्हा पुन्हा त्याच फांदीकडे येते.

आता वेळेचं. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या पुढेपर्यंत आपल्याकडे फुलपाखरांची चंगळ असते. दिवसातली उत्तम वेळ म्हणजे सकाळचं कोवळं ऊन. फुलपाखराला स्वतःच्या शरीराची ऊब फारशी राखता येत नाही, उडण्याचे स्नायू तापल्याशिवाय ते नीट उडू शकत नाही. म्हणून सकाळी ते पंख पसरून ऊन खात बसतं. वरच्या बाजूचे फोटो तेव्हाच काढा. ऊन चढलं की ओलसर माती गाठा. तिथे नर क्षार शोषत बसलेले दिसतात, अभ्यासक याला चिखलपान म्हणतात. सोंड मातीत असली की ते सहसा हलत नाहीत.

जवळ जाताना तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका. त्याच्या संयुक्त डोळ्यांना हालचाल चटकन जाणवते, म्हणून बसकं होऊन, बाजूने, अगदी सावकाश सरका. उडालंच तर जागा सोडू नका. एगफ्लायसारख्या जातींचे नर आपला इलाखा राखतात आणि एक फेरी मारून बहुधा तिथेच परततात. नवशिक्याने रुईच्या झुडपापासून सुरुवात करावी, तिथलं प्लेन टायगर संथ उडतं. अळीपणी रुईचं विष अंगात मुरलेलं असल्याने पक्षी त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत.

तंत्राचं थोडक्यात. शंभर मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम, मोबाइलनेही चांगले फोटो मिळतात. मिटलेले पंख आणि कॅमेरा समांतर ठेवा, म्हणजे सगळा पंख रेखीव येतो. फोकस डोळ्यावर. अ‍ॅपर्चर एफ/८ च्या जवळपास, शटर एक पंचशतांश सेकंद किंवा त्याहून वेगवान. टेल्ड जे मकरंद पितानाही पंख फडफडवत राहतं, त्याला आणखी वेग लागतो.

आणि शरीर फोटोत आलंच पाहिजे. कॉमन मॉर्मनच्या माद्या तीन रूपांत दिसतात. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमसन रोझसारखी. ही दोन्ही रोझ विषारी असतात, त्यांच्या वेषामुळे मॉर्मनची मादी पक्ष्यांपासून वाचते. २०१४ साली कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या वेषांतरामागे डबलसेक्स नावाचं एकच जनुक आहे. पंख पाहून तुम्हीही फसाल, पण खऱ्या रोझचं अंग लाल असतं आणि मॉर्मनचं काळं. छोट्या निळ्या फुलपाखरांबाबत मात्र पंखांची खालची बाजू टिपा, वरून त्यांची जात ठरवणं फार अवघड जातं.

फोटोसाठी फुलपाखरू हातात धरू नका. पंखांवरचे खवले बोटांना लागून येतात ते परत उगवत नाहीत.

प्रश्न : गॅलरीतल्या कढीपत्त्याची पानं एक हिरवी अळी फस्त करते आहे. फवारणी करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कृपा करून नको. ती बहुधा कॉमन मॉर्मनची किंवा लाइम बटरफ्लायची अळी आहे. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, वाढल्यावर हिरवी होते. हलकेच डिवचलीत तर डोक्यामागून लालसर-केशरी शिंगं बाहेर काढील आणि उग्र वास सोडील. तिला तिथेच राहू द्या, फोडणीसाठी पानं दुसऱ्या फांदीची घ्या. कढीपत्त्याला पुन्हा पालवी फुटते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिनाभरात पुरा होतो, तेव्हा अळी दिसेनाशी झाली की कुंडीच्या कडा आणि जवळचे खांब तपासा. कोश तिथे सापडण्याची शक्यता बरीच आहे, आणि फुलपाखरू त्यातून बहुधा सकाळच्या वेळी बाहेर पडतं.