आसनगाव लोकलवर आहे, माहुली नाही

डोंबिवलीकराला आसनगाव लांब वाटतच नाही. स्टेशनच्या इंडिकेटरवर रोज दिसणारं नाव. आमचं चुकलं ते इथंच. जे नाव रोज वाचतो, तिथलं जंगलही आपल्या ओळखीचं असणार, असं आम्ही धरून चाललो.

ऑक्टोबरचा शेवट होता. गाडीत मी, बायको, मेव्हणा आणि त्याचा आठवीतला मुलगा. माहुलीचा किल्ला सर करायचा असा काही हट्ट नव्हता, तानसा अभयारण्यातलं रान बघायचं होतं. पोराला रानपिंगळा हवा होता. शंभराहून अधिक वर्षं नामशेष मानलं गेलेलं हे घुबड 1997 मध्ये पुन्हा सापडलं आणि 2014 मध्ये आपल्या तानशातही त्याची नोंद झाली, हे तो कुठंतरी वाचून आला होता. त्यातून हा पिंगळा दिवसाढवळ्या वावरणारा. म्हणजे दिसणारच, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

निघायचं होतं साडेपाचला, निघालो पावणेनऊला. पत्रीपुलावर अडकलो, दुर्गाडीवर रखडलो, रांजणोलीला नाशिक हायवे लागला तेव्हा सगळ्यांना भूक लागली. मग धाब्यावर मिसळ, वर जादा पाव, वर चहा. माहुली गावात पायथ्याच्या देवळाशी गाडी लावली तेव्हा अकरा वाजून गेले होते. एक म्हातारबाबा विचारायला आले, ''वाटाड्या पायजे का?'' मेव्हण्यानं मोबाइल दाखवला. नकाशा डाउनलोड केलाय म्हणाला.

चौघांत मिळून तीन लिटर पाणी. 1636 मध्ये शहाजीराजांनी मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात जो गड लढवला, त्यावर आम्ही तीन बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं घेऊन चाललो होतो.

चढ दमछाक करणारा आहे. पाऊस संपलेला, थंडी आलेली नाही, झाडीत वारा नाही. लोखंडी शिडीपाशी पोचलो तेव्हा तीन वाजले होते आणि पाणी संपलं होतं. खरं तर एक वाजता, जिथं असू तिथून मागं फिरायला हवं होतं. पण ''एवढं आलोय तर...'' हे वाक्य कुणीतरी उच्चारतंच. आमच्यात ते मीच उच्चारलं.

उतरताना पोराला कसलासा आवाज आला. बघू म्हणून तो वीसेक पावलं आत गेला, मागोमाग आम्ही. परत फिरलो तर दगडांवरचे रंगवलेले बाण गायब. कारवीतून तीन वाटा फुटलेल्या, तिन्ही मळलेल्या. त्या ढोरवाटा होत्या. गुरांच्या खुरांनी वाट माणसाच्या वाटेइतकीच स्वच्छ होते, फक्त ती गावाकडे जाईलच असं नाही. आधी एक धरली, मग दुसरी. मग मेव्हण्याला सुचलं की ओढ्यानं उतरू, पाणी खालीच जातं.

जातं, पण पाणी उडी मारतं. अर्ध्या तासानं ओढा एका काळ्याभोर कड्यावर येऊन संपला. खाली चाळीसएक फूट सरळ. शेवाळ वाळून पापुद्रे झालेलं, त्यावरून माझा बूट एकदा सरकला. बायकोनं दंड धरला म्हणून हे लिहितोय. सह्याद्रीतला ओढा ही वाट नव्हे, एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी पुरे.

त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण झाडीत अंधार त्याच्या अर्धा तास आधी उतरतो. फोनला रेंज नाही. तिघांच्या मोबाइलची बॅटरी फोटोंनी खाल्लेली. तेव्हा कुठं शहाणपण सुचलं: वर चढून मोकळ्या कातळावर बसलो, चौथा मोबाइल टॉर्चसाठी राखला आणि पाळीपाळीनं हाका मारल्या. वाट चुकल्यावर हेच आधी करायचं असतं. शेवटचा बाण जिथं दिसला तिथवर मागं जा. ते जमत नसेल तर एका जागी थांबा, माणसं फुटू देऊ नका. शिट्टी असेल तर घसा वाचतो.

हाकेला ओ आली ती सकाळच्याच म्हातारबाबांची. ते शेळ्या शोधत होते. म्हणाले, ''ही ढोरांची वाट. माणसांची तिकडं ऱ्हायली.'' पाऊण तासात त्यांनी देवळाशी आणून सोडलं. पैसे दिले ते त्यांनी घेतले आणि पोराकडे बघून म्हणाले, ''सकाळीच नेलं असतंत तर पाखरूपण दावलं असतं.''

तुम्ही जाल तर सातच्या आत चढायला लागा. माणशी तीन लिटर पाणी न्या. डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, मोबाइल हा टॉर्च नव्हे. वनखात्याच्या चौकीवर नाव नोंदवा, घरी परतीची वेळ सांगून ठेवा. गावातला वाटाड्या घ्याच. पावसाळ्यात पायथ्याचा ओढा फुगलेला असेल तर मिसळ खाऊन घरी या.

त्या रात्री बाबांच्या घरी सुनेनं तांब्याभर पाणी दिलं. मी दुसरा तांब्या मागितला, बायकोनं तिसरा. सून हसून म्हणाली, ''आत्ता प्या पोटभर. उन्हाळ्यात आलात तर टँकरची वाट बघावी लागंल.'' तानसा आणि भातसा, मुंबईला पाणी पुरवणारी ही दोन्ही धरणं याच शहापूर तालुक्यात आहेत.