मामांची मोटार : लेप आणि चाके

समजा परळीत राहणाऱ्या तुमच्या हौशी मामांनी एक जुनी मोटार विकत घेतली. आता त्यांना तिच्यावर 'सिरॅमिक कोटिंग' करून घ्यायचे आहे, आणि मूळ लोखंडी चाके काढून मिश्रधातूची मोठी, चकचकीत चाकेही बसवायची आहेत. दोन्ही कामे खर्चाची. "तू विज्ञान शिकतोस ना? मग सांग, यातून काय मिळेल?" असे त्यांनी विचारले, तर तुम्ही काय उत्तर द्याल? त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र तुमच्या शालेय पुस्तकातच आहे. चला, ते वापरून पाहू.

लेप म्हणजे काय?

'सिरॅमिक' या शब्दाचे मूळ कुंभाराच्या मातीसाठी असलेल्या ग्रीक शब्दात आहे. मोटारीवरचा लेप मात्र भट्टीत भाजत नाहीत. तो सिलिकॉनच्या संयुगांचा द्रव असतो. रंगावर पातळ चोळला की त्याची हवेतील बाष्पाशी रासायनिक क्रिया होते आणि सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या अणूंचे जाळे तयार होऊन ते रंगाला घट्ट चिकटते. या थराची जाडी फार तर एक-दोन मायक्रोमीटर भरते. तुमचा एक केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, यावरून हा थर किती पातळ ते ध्यानात येईल.

एवढा पातळ थर काय करतो? अळूचे पान आठवा. त्यावर पाणी पसरत नाही. त्याचे मोती होऊन घरंगळतात. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढतात ते संसक्ती बल, आणि पृष्ठभाग पाण्याला ओढतो ते आसंजन बल. आसंजन जास्त असेल तर पाणी पसरते, कमी असेल तर थेंब उभा राहतो. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात. त्याचे गणित थॉमस यंग याने १८०५ साली मांडले. चांगल्या लेपावर हा कोन १०० ते ११० अंशांच्या आसपास असतो. अळूच्या किंवा कमळाच्या पानावर तो १५० अंशांच्याही पुढे जातो, कारण त्या पानांवर मेणाचा थर तर असतोच, शिवाय अतिसूक्ष्म उंचवटेही असतात. गुळगुळीत पृष्ठभागाला ही मजल मारता येत नाही. म्हणून मोटारीचे अळूचे पान होत नाही; पण चिखल कमी चिकटतो आणि धुणे सोपे होते, हे खरे.

करून पाहा : काचेच्या एका तुकड्याच्या अर्ध्या भागावर मेणबत्ती चोळा. दोन्ही भागांवर पाण्याचा एकेक थेंब ठेवा आणि डोळा काचेच्या पातळीत आणून बाजूने पाहा. स्पर्शकोनांतला फरक दिसेल.

परळीची राख आणि '९ एच'

आता परळीचा खास प्रश्न. येथील औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. दगडी कोळसा जळल्यावर जी बारीक राख उरते, तिच्यात मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असतात. केंद्रातील यंत्रे धुरातली बहुतेक राख पकडतात. पण राखेचे ढीग आणि राख वाहून नेणाऱ्या मालमोटारी यांच्यापासून वाऱ्याबरोबर ती पसरते आणि उभ्या मोटारीवर करडा थर बसतो.

हा थर पाहून मामा काय करतील? कोरड्या फडक्याने पुसतील. येथेच घोटाळा होतो. आजी राखेने भांडी घासत असे, ते का? राखेचे कठीण कण भांड्यावरची काजळी खरवडून काढतात. कोरडे फडके आणि राख यांनी मोटारीच्या रंगाचेही तेच होते. उन्हात दिसणाऱ्या बारीक गोल रेघा या अशा पुसण्याच्या खुणा असतात.

"पण लेपाची कठीणता ९ एच आहे म्हणे!" असे मामा म्हणतील. खनिजांच्या कठीणतेच्या मोह्‌ज मापनश्रेणीत हिरा १०, कुरुंद ९ आणि क्वार्ट्झ ७ वर आहे. ९ हा आकडा ऐकून लेप कुरुंदाएवढा कठीण असावा असे वाटते. परंतु '९ एच' ही पेन्सिलीची खूण आहे. निरनिराळ्या पेन्सिली ठरावीक दाबाने थरावर ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठत नाही ते पाहतात. पेन्सिलीतले शिसे म्हणजे ग्रॅफाइट व माती यांचे मिश्रण. ते क्वार्ट्झपेक्षा कितीतरी मऊ असते. राखेत क्वार्ट्झचे कणही असतात. तेव्हा ९ एच लेपावर राख घासली तर ओरखडे उठणारच. आकडा तोच, पण मापपट्टी वेगळी!

आणखी एक गोष्ट. लेपावर उभे राहिलेले थेंब उन्हात वाळले की पाण्यातले क्षार मागे राहून पांढरी वर्तुळे उमटतात. बोअरच्या पाण्याने धुतल्यास हे विशेष जाणवते. म्हणून राख आधी भरपूर पाण्याने वाहू द्यावी आणि नंतर मऊ, ओल्या कापडाने सावलीत पाणी टिपावे. ही शिस्त लेपाशिवायही उपयोगी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

चाकाचे वजन कोठे असते?

आता चाकांकडे वळू. चाक पुढे जाते आणि त्याच वेळी फिरतेही, म्हणून त्याला दोन प्रकारची गतिज ऊर्जा द्यावी लागते. सगळे वस्तुमान परिघावर आहे असे मानले, तर फिरण्याची ऊर्जा पुढे जाण्याच्या ऊर्जेएवढीच येते. म्हणजे परिघावरचा एक किलोग्रॅम वेग घेताना दोन किलोग्रॅमसारखा वागतो.

करून पाहा : चिकटपट्टीची रिकामी रिंग आणि कॅरमचा स्ट्रायकर एका तिरप्या फळीवरून एकाच वेळी, कडेवर उभे करून सोडा. स्ट्रायकर जिंकेल. रिंगचे वस्तुमान कडेला असल्याने तिची जास्त ऊर्जा फिरण्यात जाते.

यावरून हलकी चाके फायद्याची खरी. पण फायदा किती? मोटार १००० किलोग्रॅमची आहे आणि प्रत्येक चाकात २, म्हणजे चारांत मिळून ८ किलोग्रॅम वाचले असे धरू. दुप्पट धरूनही हे १६ किलोग्रॅम झाले, शेकडा १.६ फक्त. शिवाय मिश्रधातूचे चाक आकाराने मोठे घेतले, तर ते मूळ लोखंडी चाकापेक्षा जडही भरू शकते. चमक पाहून वजन कळत नाही; ते काट्यावरच पाहावे.

व्यास वाढला की काय होते?

टायरवर '१८५/६५ आर १५' असे लिहिलेले असते. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ६५, आणि आतल्या चाकाचा व्यास १५ इंच. एकूण व्यास काढा :

३८१ + २ × १२०.२५ = ६२१.५ मिलिमीटर.

त्याऐवजी '१९५/६५ आर १६' बसवला तर व्यास ६५९.९ मिलिमीटर, म्हणजे शेकडा ६ हून अधिक वाढतो. वेगदर्शक काटा चाकाचे फेरे मोजतो; वाढलेला व्यास त्याला ठाऊक नसतो. काटा मुळात अचूक होता असे मानले, तर तो ताशी ८० किलोमीटर दाखवील तेव्हा खरा वेग जवळजवळ ८५ असेल. ब्रेकचा परिणामही घटतो, कारण तेवढ्याच पिळाला आता मोठी त्रिज्या मिळते आणि रस्त्यावर मिळणारे रोधक बल कमी होते.

'१९५/५५ आर १६' घेतला तर व्यास ६२०.९ येतो, जवळजवळ मूळचाच. पण मग टायरची भिंत १२० वरून १०७ मिलिमीटरवर येते. क्रिकेटचा झेल घेताना आपण हात मागे नेतो, तसे खड्ड्यात आदळताना टायरची भिंत दबून धक्क्याचा काळ लांबवते. संवेगातला बदल तोच, पण काळ कमी झाला की बल वाढते. अंबाजोगाईच्या रस्त्यावर एखादा खोल खड्डा आला, तर हे वाढलेले बल चाकाची कडा वाकवू शकते. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही.

तर मामांना काय सांगाल? लेप हवा असेल तर जरूर करा, पण धुणे सोपे व्हावे म्हणून. तो चिलखत नव्हे. चाके बदलायचीच असतील तर उत्पादकाने मान्य केलेल्या मापातच बदला. आणि या दोन्हींच्या आधी टायरची झीज व हवेचा दाब तपासा. मोटार रस्त्याला धरून ठेवते ती टायरच्या तळाशी असलेल्या, तळहाताएवढ्या चार ठशांनी. मामांचा आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या तुमचा जीव त्या चार ठशांवर असतो.

स्वाध्याय

१. '१७५/७० आर १४' या टायरचा एकूण व्यास काढा.

२. वरील प्रयोगात दुप्पट जड रिंग घेतली तर ती स्ट्रायकरला हरवील काय? आधी उत्तर लिहा, मग करून पाहा.